मत्स्यपेटीखालची पेटी



आमच्या चौथीच्या वर्गात शिरले की समोरच काचेची मत्स्यपेटी दिसते. तिच्यात दोन सोनेरी मासे आहेत. वर्गात येणारा प्रत्येक जण आधी मासे बघतो. पण मत्स्यपेटीच्या खाली, जुन्या चादरीच्या पडद्याआड, आणखी एक काचेची पेटी आहे. तिच्यात एकही मासा नाही. नुसते पाणी, फोम आणि खापऱ्या आहेत. पालक येतात, पडदा बाजूला करतात आणि विचारतात, "खाली हे काय गं अडगळ भरून ठेवलंय?"

ती अडगळ नाही. वरचे मासे जिवंत आहेत ते खालच्या पेटीमुळे. तिची माहिती मी या लेखात देणार आहे. माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहे. गुरुजी म्हणाले, "चूक लिहून ठेवली की पुढच्याला ती करावी लागत नाही."

नावाची गंमत

मत्स्यपेटी मागच्या वर्षीच्या चौथीच्या मुलांनी शाळा सोडताना भेट दिली. गुरुजी आम्हां तिघांना घेऊन तालुक्याच्या गावी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "सोनमासे ठेवायचे तर खाली संप लावा."

मी गुरुजींना हळूच विचारले, "गुरुजी, संप म्हणजे काम बंद ना?"

सगळे हसले. मग कळले की पाणी साठवायच्या खालच्या हौदाला पण संप म्हणतात. गवंडी लोक तर नेहमीच म्हणतात. घराच्या अंगणात जमिनीखाली जी पाण्याची टाकी असते तो संपच. आमचा संप मात्र रात्रंदिवस काम करतो. तो संपावर गेला तर मासे मरतील.

खालच्या पेटीची गरज काय?

नदीत मासे राहतात तेव्हा पाणी वाहून जाते. सोबत घाणही जाते. पेटीतले पाणी कुठे जाणार? मासा खातो, शी करतो. शिवाय तो कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया होतो. अमोनिया माशाला विषारी असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असले तरी त्यात अमोनिया असू शकतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

सोनमासा खादाड असतो आणि घाणही पुष्कळ करतो. म्हणून पाणी सतत गाळत राहावे लागते. गाळणी वरच्या पेटीत ठेवली तर माशांची जागा अडते. खालच्या पेटीत ठेवली तर मासे मोकळे फिरतात. शिवाय एकूण पाणी वाढते. पाणी जास्त असले की तेवढीच घाण पातळ होते आणि पाणी एकदम तापत किंवा गार होत नाही.

ही युक्ती जुनी आहे. लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली समुद्रातल्या माशांचे मोठे मत्स्यालय उघडले. विल्यम अल्फर्ड लॉइड या गृहस्थांनी तिथे जमिनीखाली अंधारा हौद बांधून घेतला होता. वरच्या टाक्यांत जेवढे पाणी, त्याहून कितीतरी जास्त पाणी खालच्या हौदात असे. पंपाने ते वर चढवायचे आणि ते टाक्यांतून फिरून परत खाली यायचे. हौद अंधारा ठेवला म्हणजे पाणी हिरवे होत नाही. म्हणून आम्हीही चादरीचा पडदा लावला आहे.

साहित्य

१) वरची काचेची पेटी. लांबी ८० सेंमी, रुंदी ३० सेंमी, उंची ४० सेंमी.
२) खालची काचेची पेटी. लांबी ६० सेंमी, रुंदी ३० सेंमी, उंची ३० सेंमी. आत दोन आडव्या काचा बसवून तीन खण केले आहेत. प्रत्येक खण २० सेंमी लांब.
३) गावातल्या वेल्डिंगवाल्याने केलेला लोखंडी स्टँड आणि पेट्यांखाली ठेवायला थर्माकोल.
४) पाण्यात बुडवून चालवायचा लहान पंप. कुलरमध्ये असतो त्या प्रकारचा, पण माशांसाठी मिळतो तो.
५) पाणी खाली आणायला १ इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, टाकीला लावतात ते नीपल आणि टेफलॉन टेप.
६) पाणी वर न्यायला काळी नळी. ही माझ्या अण्णांनी दिली. शेतात ठिबक केले तेव्हा १६ मिमीची नळी उरली होती.
७) फोम, उशीत भरतात तसला पांढरा कापूस, फुटक्या माठाच्या खापऱ्या आणि बाटल्यांची प्लास्टिकची झाकणे.

खापऱ्या बिनरंगाच्या माठाच्याच घ्याव्यात. रंग दिलेल्या कुंडीच्या नकोत.

थोडे गणित

लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला की घनसेंमी येतात. १००० घनसेंमी म्हणजे १ लिटर.

वरच्या पेटीत पंप चालू असताना पाणी ३५ सेंमी उंच असते. ८० × ३० × ३५ = ८४००० घनसेंमी, म्हणजे ८४ लिटर.
खालच्या पेटीत पाणी साधारण २० सेंमी असते. ६० × ३० × २० = ३६००० घनसेंमी, म्हणजे ३६ लिटर.
दोन्ही मिळून १२० लिटर. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो, म्हणजे नुसते पाणीच १२० किलो झाले. म्हणून लाकडी टेबल चालत नाही, लोखंडी स्टँड लागतो.

पंपाच्या खोक्यावर तासाला ६०० लिटर असे लिहिले होते. पण पाणी वर चढवताना पंपाची ताकद कमी पडते. म्हणून आम्ही स्वतः मोजले. वरच्या नळीचे तोंड १० लिटरच्या बादलीत धरले आणि घड्याळ लावले. पंपाच्या खणात माझी मैत्रीण तेवढेच पाणी ओतत होती. बादली भरायला १०० सेकंद लागले. एका तासात ३६०० सेकंद असतात. म्हणजे ३६ बादल्या, म्हणजे ३६० लिटर. आमचे सगळे पाणी १२० लिटर. म्हणजे तासाला तीन वेळा सगळे पाणी फिरते.

पाणी कसे फिरते?

वरच्या पेटीच्या मागच्या काचेला भोक आहे. ते आम्ही पाडले नाही, काचवाल्यांनी पाडून दिले. भोकात नीपल बसवले आणि आतून एल्बो लावून त्याचे तोंड वर केले. ते तोंड तळापासून ३४ सेंमीवर आहे. पाणी त्याच्यावर चढले की आत पडते आणि पाइपातून खाली जाते.

माझे आजोबा बघायला आले होते. ते म्हणाले, "हा तर आपल्या पाझर तलावाचा सांडवा!" अगदी बरोबर. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जाते. सांडवा जेवढा उंच, तेवढेच पाणी तलावात राहते.

सांडव्याच्या तोंडावर जाळी लावली आहे, नाहीतर मासा खाली जाईल. खाली जाणारा पाइप वर जाणाऱ्या नळीपेक्षा जाड हवा. कारण पंप पाणी जोराने ढकलतो, पण खाली जाणारे पाणी आपल्या वजनानेच जाते. ते सावकाश जाते, म्हणून त्याला वाट मोठी लागते.

पाणी खालच्या पेटीच्या पहिल्या खणात पडते. तिथे कापूस आणि फोम आहे. मोठी घाण तिथे अडकते. पहिल्या आडव्या काचेला खालून फट ठेवली आहे. तिथून पाणी दुसऱ्या खणात शिरते आणि खापऱ्या व झाकणे यांच्यामधून वर चढते. दुसरी आडवी काच २० सेंमी उंच आहे. तिच्यावरून पाणी तिसऱ्या खणात उतरते. तिसऱ्या खणात पंप आहे. पंप पाणी काळ्या नळीतून परत वर पाठवतो.

नीपल बसवताना रबराचा वायसर काचेच्या ओल्या बाजूला घालावा. हाताने आवळून मग अगदी थोडा पान्याने फिरवावा. जोर लावला तर काच तडकते. आडव्या काचा चिकटवायला सिलिकॉन वापरले. त्याचा आंबूस वास जाईपर्यंत पेटीत पाणी भरायचे नाही. आम्ही दोन दिवस थांबलो. नंतर नुसते पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवले. सकाळी कागद कोरडा होता, म्हणजे गळत नव्हते.

पहिला धडा : मागचा अंक उशिरा का लागला?

शिक्षक दिनाचा भित्तिपत्रकाचा अंक उशिरा लागला, ते तुम्हांला आठवत असेल. त्याचे कारण आज सांगते.

वर पडणाऱ्या पाण्याचा खळखळ आवाज यायचा. मागच्या बाकावरच्या मुलांना पाढे ऐकू यायचे नाहीत. म्हणून आम्ही नळीचे तोंड पाण्यात १२ सेंमी खोल बुडवले. आवाज बंद झाला. आम्हांला वाटले, छान युक्ती केली.

त्या रात्री वादळ आले आणि वीज गेली. सकाळी दार उघडले तर फरशीवर पाणीच पाणी. अंकाचे कागद फरशीवर पसरून ठेवले होते. सगळी चित्रे ओली झाली, शाई पसरली. वीज परत आली होती आणि पंप कोरडा पडून घरघर करत होता. गुरुजींनी कुणालाही आत येऊ दिले नाही. बाहेरूनच आधी मेन स्विच बंद केला.

पाणी आले कुठून? पेटी तर फुटली नव्हती.

ते अण्णांनी समजावून सांगितले. पिंपातले डिझेल काढताना नळीचे एक टोक पिंपात बुडवतात आणि दुसरे खाली ठेवतात. एकदा ओढले की डिझेल आपोआप येत राहते. वरचे टोक उघडे पडेपर्यंत थांबत नाही. आमची काळी नळी तशीच झाली. पंप बंद पडला आणि वरचे पाणी त्याच नळीतून उलटे खाली आले. नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत येत राहिले.

गुरुजींनी ते फळ्यावर गणित करून घेतले. ८० × ३० × १२ = २८८००. म्हणजे २८ लिटर ८०० मिलिलिटर पाणी खाली आले. खालच्या पेटीत रिकामी जागा किती होती? १० सेंमी. ६० × ३० × १० = १८०००, म्हणजे १८ लिटर. २८.८ मधून १८ वजा केले तर उरले १०.८. जवळजवळ ११ लिटर पाणी फरशीवर सांडले आणि आमचा अंक बुडाला.

आता आम्ही दोन गोष्टी केल्या. नळीचे तोंड वर घेतले. आणि पाण्याच्या पातळीखाली १ सेंमीवर नळीला एक बारीक भोक पाडले. वीज गेली की पाणी १ सेंमी उतरते, भोक उघडे पडते, त्यातून हवा आत शिरते आणि उलटे येणारे पाणी थांबते. सांडवाही ३४ सेंमीवरच आहे. म्हणजे ८० × ३० × १ = २४०० घनसेंमी, फक्त २ लिटर ४०० मिलिलिटर खाली येते. पाइपातले थोडे अजून. खालची पेटी ते आरामात सामावून घेते.

त्या भोकावर शेवाळ धरते. म्हणून दर सोमवारी टाचणीने ते मोकळे करावे लागते. भोक बुजले तर पुन्हा तोच प्रसंग.

खालच्या पेटीवर २० सेंमीला लाल रेघ मारली आहे. पंप चालू असताना त्याच्या वर पाणी भरायचे नाही. वरची १० सेंमी जागा बघून लोक म्हणतात, "अजून भरा की, रिकामी आहे." पण ती जागा वीज जाईल तेव्हासाठी राखून ठेवलेली आहे.

आणि समजा, सांडव्याच्या जाळीत पान अडकले तर? मग पाणी खाली जाणार नाही, पण पंप वर देतच राहील. त्याचाही हिशेब केला आहे. पंपाच्या खणात २० × ३० × २० = १२००० घनसेंमी, म्हणजे १२ लिटर पाणी असते. वरच्या पेटीत ३५ ते ४० सेंमी एवढी जागा मोकळी आहे. ८० × ३० × ५ = १२०००, म्हणजे तीही १२ लिटर. पंप शेवटचे दोन बोटे पाणी ओढू शकत नाही. म्हणून वरची पेटीही सांडत नाही.

दिसत नाहीत ते कामकरी

मांडणी झाली म्हणून लगेच मासे सोडले नाहीत. पाच आठवडे पेटी नुसतीच चालवली. रोज चिमूटभर खाद्य टाकायचो. मुले हसायची, "मासे नाहीत आणि खायला कुणाला घालता?"

आम्ही जिवाणूंना घालत होतो. खाद्य कुजते, अमोनिया होतो आणि तो खाणारे जिवाणू फोमवर व खापऱ्यांवर वाढतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर माशाला चालते. ते झाडांचे खत आहे. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा शोध लावला. पुढे २०१५ साली असे कळले की काही जिवाणू दोन्ही कामे एकटेच करतात. त्यांतले काही मासे पाळण्याच्या टाकीच्या गाळणीतच सापडले. हे गुरुजींनी सांगितल्यावर मी खालच्या पेटीकडे बराच वेळ बघत बसले.

खापऱ्यांना बारीक छिद्रे असतात. त्यामुळे जिवाणूंना बसायला जागा पुष्कळ मिळते. त्यांना प्राणवायूही लागतो. पाणी वाहते राहिले तरच तो मिळतो.

दुकानातून चाचणीचे औषध आणले होते. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही. हिरवा झाला तर आहे. पाचव्या आठवड्यात रंग पिवळा राहिला आणि आम्ही तीन मासे आणले. सगळ्यात मोठ्याचे नाव म्हातारबा ठेवले, कारण तो सावकाश पोहायचा.

दुसरा धडा : माझी चूक

२६ जानेवारीला सगळे पालक येणार होते. त्या आठवड्यात खालच्या पेटीची पाळी माझी होती. फोम तपकिरी झाला होता. खापऱ्यांवर बुळबुळीत थर होता. मला लाज वाटली. पालक पडदा उघडणार आणि म्हणणार, किती ही घाण! आमच्या आईची भांडी गावात सगळ्यांत लख्ख असतात. मला वाटले, आपलीही पेटी तशीच दिसावी.

२४ तारखेला शाळा सुटल्यावर मी फोम, खापऱ्या, झाकणे सगळे बाहेर काढले. नळाखाली खसखसून धुतले. आमच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. त्याचा वासही येत होता. धुऊन सगळे उन्हात ओट्यावर वाळवले आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवले. कुणाला विचारले नाही. कापूस पण नवा घातला.

२६ तारखेला पेटी चमकत होती. पालकांनी माझे कौतुक केले. आई पण खूष झाली.

२८ तारखेला मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करत होते. २९ ला सकाळी म्हातारबा एका कुशीवर तरंगत होता. पाणी अगदी स्वच्छ होते. चाचणी केली तर रंग हिरवा झाला.

गुरुजींनी विचारले, "कुणी काही केलं होतं का?" मी काही बोलले नाही. पोटात गोळा आला होता. दुपारी घरी जाऊन आजीला सांगितले. आजी रागावली नाही. ती म्हणाली, "अगं, सगळं दही संपवून भांडं घासून टाकलंस, तर उद्याला विरजण कुठून आणशील?"

तेव्हा मला समजले. मी जिला घाण म्हणून धुतले, ते विरजण होते. टीसीएलने आणि उन्हाने सगळे जिवाणू मेले. अमोनिया खाणारे कुणी उरलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना खरे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन मासे अजून जिवंत आहेत. चल, कामाला लाग."

आम्ही दोन दिवस खाद्य बंद केले. रोज चार बादल्या पाणी बदलले. ते आदल्या दिवशी उघड्या बादल्यांत उन्हात ठेवलेले पाणी होते, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून गेला होता. गुरुजी मोटारसायकलवर तालुक्याला गेले आणि दुकानदारांकडून त्यांच्या चालू गाळणीतला एक मळका फोम मागून आणला. तो ओल्या डब्यात घालून आणला, वाळू दिला नाही. तो आमच्या पहिल्या खणात ठेवला. तेच आमचे नवे विरजण. रोज चाचणी करत होतो. हिरवा रंग हळूहळू फिका झाला. बाविसाव्या दिवशी पिवळा राहिला. दोन्ही मासे वाचले.

म्हातारबाला आम्ही परसबागेत जास्वंदीखाली पुरले.

पालकहो, २६ जानेवारीला तुम्ही मला शाबासकी दिली होती. ती पेटी स्वच्छ दिसत होती, पण स्वच्छ नव्हती. म्हणून मी हा लेख लिहिला.

निगा कशी राखावी?

रोज : सांडव्याची जाळी बघावी. पंपाच्या खणातले पाणी बघावे. पाणी वाफ होऊन उडाले की वरच्या पेटीतले कमी होत नाही, पंपाच्या खणातलेच कमी होते. तेवढे शिळे पाणी त्यात घालावे. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य टाकावे.

दर सोमवारी : ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या पाणी काढावे आणि तेवढेच शिळे पाणी घालावे. एकूण पाण्याचा हा चौथा हिस्सा झाला. काढलेले पाणी परसबागेतल्या वांग्यांना द्यावे. त्यात नायट्रेट असते. नळीचे भोक टाचणीने मोकळे करावे. कापूस काळा झाला तर बदलावा.

पंधरा दिवसांनी : अर्धाच फोम काढावा. पेटीतूनच काढलेल्या बादलीतल्या पाण्यात तो पिळावा. नळाखाली कधीच धरू नये. उरलेला अर्धा पुढच्या वेळी.

तीन-चार महिन्यांनी : खापऱ्या थोड्याशा हलवून गाळ सोडवावा. एका वेळी अर्ध्याहून जास्त काढू नयेत. पंपाची जाळी जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी.

साबण, निरमा, फिनेल यांचा हातही पेटीला लावू नये.

वीज बराच वेळ गेली तर : तांब्याने वरचेच पाणी घेऊन उंचावरून परत ओतत राहावे. त्याने हवा मिसळते. त्या वेळी खाद्य टाकू नये.

विजेची काळजी

पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा स्विच बंद करून पिन काढावी. हे काम फक्त गुरुजींनी किंवा बाईंनी करायचे. मुलांनी नाही. पंपाची वायर सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नये. मधे खाली झोळ ठेवावा. म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. शाळेच्या फ्यूजच्या डब्यात गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घेतला आहे.

एक विनंती

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये आम्ही हायस्कूलला जाणार. मे महिन्यात शाळेला सुट्टी असेल, पण माशांना सुट्टी नसते.

मी हिशेब केला आहे. पंप बुडालेला राहायला खणात निदान ६ सेंमी पाणी लागते. रेघेपर्यंत २० असते. म्हणजे १४ सेंमी पाणी उडेपर्यंत चालेल. २० × ३० × १४ = ८४००, म्हणजे ८ लिटर ४०० मिलिलिटर. उन्हाळ्यात रोज २ लिटर पाणी उडाले तर ते चार दिवस पुरते. पाचव्या दिवशी पंप कोरडा. सुट्टी तर महिन्याहून मोठी.

म्हणून कुणीतरी रोज यायला पाहिजे. मी येणारच आहे. पण आम्ही मामाच्या गावाला आठ दिवस जाणार आहोत. तिसरीच्या मुलांनी आतापासून माझ्याबरोबर पाळी करावी, म्हणजे जूनमध्ये पेटी त्यांच्या हातात नीट जाईल. या कागदाखाली एक कोरा कागद टाचला आहे. त्यावर नाव लिहावे. शाळेजवळ राहणाऱ्या पालकांनी लिहिले तरी चालेल. किल्ली गुरुजींकडे आहे.

स्वाध्याय

१) तुमच्या घरच्या पाण्याच्या टाकीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. तिच्यात किती लिटर पाणी मावते?
२) नळीचे तोंड १२ ऐवजी ५ सेंमी बुडवले असते, तर किती पाणी खाली आले असते? फरशीवर सांडले असते का?
३) फोम नळाखाली का धुवू नये? विरजणाचे उदाहरण देऊन सांगा.
४) खालच्या पेटीत १० सेंमी जागा रिकामी का ठेवतात?

उत्तरे वहीत लिहा आणि मला दाखवा. दुसऱ्या प्रश्नात पुष्कळ जण चुकतात.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी